चपला घाला, बाहेर चला

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात आपल्या एका सभासद, निवृत्त शिक्षिका, यांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मला समितीने सांगितलंय, बाई, दहा-पंधरा मिनिटं बोला, आणि मुलांच्या शिक्षणाबद्दल काहीतरी बोला. मी १९८७ ते २०२२ अशी पस्तीस वर्षं शहरातल्या एका मराठी शाळेत पाचवी ते सातवीला शिकवलं. पस्तीस मिनिटांचा तास संपल्याशिवाय थांबायची सवय नाही मला. त्यामुळे घंटा तुम्हीच वाजवा.

आधी एक हिशोब सांगते. आमच्या शाळेत आठवड्याला पीटीचे दोन तास होते. कागदावर सत्तर मिनिटं. प्रत्यक्षात रांग लावून मैदानावर जायचं, हजेरी, सूचना, शेवटी हातपाय धुऊन परत वर्गात. अठ्ठेचाळीस मुलं आणि बॉल एक. एकदा मला ऑफ तास होता म्हणून मी मैदानाच्या कडेला घड्याळ घेऊन बसले आणि एकाच मुलावर नजर ठेवली. क्रिकेट चाललं होतं, हा लांब कुंपणापाशी फिल्डिंगला उभा. पस्तीस मिनिटांत तो सात मिनिटं हलला. त्यातली दोन बॉल गटारीतून काढण्यात गेली.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी बऱ्यापैकी दम लागेल अशी हालचाल करायला हवी. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली आकडे प्रसिद्ध केले. जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं एवढी हालचाल करत नाहीत. आपल्या देशात हे प्रमाण ७४ टक्क्यांच्या आसपास आहे. आणि जगभर मुली मुलांच्याही मागे. आकडे ऐकून आपण मान हलवतो आणि विसरतो, म्हणून मी एका मुलीची गोष्ट सांगते.

ही मुलगी सहावीत माझ्याकडे होती. नाव सांगत नाही, आज ती इथेच शहरात संसार करतेय. अंगाने जरा जाड. पळायला लागली की मुलं हसायची. तर तिने स्वतःच पीटीच्या सरांना सांगून टाकलं होतं, "सर, मी सामान बघते." तेव्हापासून पीटीच्या तासाला ती लिंबाखाली बसून सगळ्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. सरांना सोयीचं, मुलांना सोयीचं, तिलाही सोयीचं. मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, हे कबूल करते. दोन वर्षं ती मुलगी मैदानावर जात होती आणि बसून परत येत होती.

मग परिमितीचा धडा आला. मी वर्गात विचारलं, मीटर म्हणजे किती? "शंभर सेंटिमीटर!" सगळा वर्ग ओरडला. म्हटलं, बरं, दारापासून फळ्यापर्यंत किती मीटर? तर उत्तरं चारपासून चाळीसपर्यंत आली. म्हणजे मीटर पाठ होता, माहीत नव्हता. मला जरा रागच आला, मुलांचा नव्हे, माझा. म्हटलं, चपला घाला, बाहेर चला.

दुसऱ्या दिवशी मी काथ्याची दोरी नेली, दर मीटरला एक गाठ मारलेली. सहा-सहा जणांचे गट केले. प्रत्येक गटाने मैदानाची प्रत्येक बाजू आधी पावलांनी मोजायची आणि मग दोरीने. प्रत्येकाला काम: एकाने दोरीचं टोक धरायचं, एकाने ताणायची, एकाने लिहायचं, एकाने खडूने खूण करायची. या मुलीच्या वाट्याला दोरीचं टोक आलं. टोक धरणाऱ्याला दर वेळी पुढे जावं लागतं, बसून चालत नाही. पहिल्या फेरीत सहा गटांची सहा उत्तरं आली. भांडणं झाली. "तुमची दोरी सैल होती की!" "तुम्ही कोपरा सोडलाय!" पुन्हा मोजलं. तेव्हा लक्षात आलं की आमचं मैदान आयत नाहीच. मागची भिंत तिरकी आहे, समोरासमोरच्या बाजू सारख्या भरत नाहीत. वर्षानुवर्षं त्या मैदानावर झेंडावंदन करतोय, मलासुद्धा माहीत नव्हतं. मग तिसऱ्यांदा मोजलं. ती मुलगी त्या तासात मैदानाला तीन पूर्ण चकरा मारून आली, घामाघूम झाली, आणि तिला एकदाही कोणी "पळ" म्हटलं नव्हतं. जाताना मला म्हणाली, "बाई, उद्या पण दोरी मीच धरणार."

पुढे ती मोठी धावपटू झाली वगैरे अशी ही गोष्ट नाही. फक्त चपला सांभाळायला सरांनी आळीपाळीने मुलं नेमली, एवढंच झालं. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली. पीटीच्या तासाला ज्याला खेळ येतो तोच हलतो. ज्याला येत नाही तो कडेला जातो, आणि कडेला जायची कारणं मुलांना आपोआप सापडतात. धडाच मैदानावर नेला की कडेला जायला जागा राहत नाही. तिथे कोणी जिंकत-हरत नाही, कोणाला टीममध्ये शेवटी घेत नाहीत. गणितासाठी चालावं लागतं, म्हणून सगळे चालतात. मी पीटीच्या विरुद्ध बोलत नाहीये हं. खो-खो, लंगडी, लेझीम हवंच. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतलं लेझीम बघितलं की कळतं सोलापूरच्या पोरांच्या अंगात काय आहे ते. पण आठवड्याचे दोन तास तेवढे अंगाचे आणि बाकीचे बसायचे, ही वाटणी मला पटत नाही.

आणि ही काही माझी अक्कल नव्हे. डी.एड.ला असताना अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचलं होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं शाळेत येईनात. का येईनात, तर गुरं राखायला जायची. दुसऱ्या कोणी पालकांना दोष दिला असता. या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. नावही तेच दिलं, कुरणशाळा. गुरं चरतायत, मुलं झाडाखाली शिकतायत, आणि शिकायचं साहित्य म्हणजे खडे, बिया, पानं, शंख-शिंपले. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून अंगणवाडी हा शब्दही याच कामातून आला, आणि १९७५ मध्ये सरकारी योजना आली तेव्हा तो देशभर गेला. आज आपण अंगणवाडी म्हणतो तेव्हा त्यात 'अंगण' आहे हेच विसरलोय. पुष्कळ ठिकाणी एक खोली असते आणि अंगण नसतंच.

आता कोणी म्हणेल, बाई, ते कोसबाड, तिथे रान होतं. इथे सोलापुरात काय आहे? दगड, धूळ आणि ऊन. तर ऐका काय आहे ते.

भुईकोट किल्ला आहे. इतिहासाच्या पुस्तकात तटबंदी, बुरूज, खंदक हे तीन शब्द असतात, मुलं पाठ करतात. आम्ही चालत किल्ल्यात जायचो. दुहेरी तटबंदी असते म्हणजे काय, हे दोन्ही तटांच्या मधून चालल्यावर समजतं. एक मुलगा म्हणाला, "बाई, पहिली भिंत फोडून शत्रू आत आला तर हितंच अडकणार की!" हे मला शिकवावं लागलं नाही. येताना सिद्धेश्वर तलावाच्या काठाने यायचं. चार हुतात्मा चौकात थांबायचं आणि चौघांची नावं मुलांनीच वाचायची: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात याच रस्त्यांवर काय झालं, मार्शल लॉ म्हणजे काय, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात या चौघांना फाशी कशी झाली, हे चौकात उभं राहून सांगताना माझाच आवाज वेगळा व्हायचा. भैय्या चौकाकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे. १९१० साली इथे जन्मलेला माणूस चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता गेला, हे घर बघून मुलांना खरं वाटतं. किल्ला, तलाव, चौक आणि परत शाळा, एका फेरीत मुलं तास-दीड तास चाललेली असायची, आणि कोणी "पाय दुखले" म्हणत नव्हतं. तेवढंच अंतर कवायतीत चालवलं असतं तर निम्मी खाली बसली असती.

सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेली अडुसष्ट लिंगं शहराभोवती आहेत. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज त्या सगळ्यांच्या भेटीला जातात, हे इथल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. मी मुलांना सांगायची, तुमच्या घराजवळचं लिंग शोधा आणि तिथून शाळेपर्यंतचा नकाशा काढा. भूगोलही झाला, दिशाही झाल्या, आणि रविवारी पोरं सायकली घेऊन भटकलीही.

आणि ऊन! आपण उन्हाला नुसत्या शिव्या घालतो. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते, तो शून्य सावलीचा दिवस दिल्लीच्या मुलांना घरी बसून कधीच बघायला मिळत नाही. कर्कवृत्ताच्या उत्तरेला तो नसतोच. सोलापुरात वर्षातून दोनदा येतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, दुपारी साडेबाराच्या सुमारास. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि ऑगस्टात ढग, त्यामुळे आमच्या शाळेला तो नीट दोनदाच सापडला. पण सावलीचा तास वर्षभर घेता येतो. मैदानात काठी रोवायची, दर तासाला एका गटाने पळत जाऊन सावलीच्या टोकाला दगड ठेवून पळत यायचं. संध्याकाळी दगडांची रेघ दिसते. त्या "पळत जाऊन पळत यायचं"मध्ये काय दडलंय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

लिंबाच्या झाडाखालचा भाषेचा तास तर माझा लाडका. आमच्या वर्गात निम्म्या मुलांची घरची भाषा मराठी नव्हती, सोलापूरच ते. झाडाला हात लावून विचारायचं, याला तुमच्या घरी काय म्हणतात? तेलुगू बोलणारी म्हणायची वेपा, कानडी बोलणारी बेवु, उर्दूवाली नीम. जी मुलं वर्गात तोंड उघडत नव्हती ती झाडाखाली बोलायची.

आता अडचणीही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईंनी सगळं गोड गोड सांगितलं.

पहिली अडचण पालक. एक गृहस्थ येऊन म्हणाले, "काय ओ बाई, पोरांना उन्हात फिरवताय, शिकवणार कधी?" त्यांचं चुकलं नव्हतं. वहीत लिहिलेलं दिसतं, पायांनी शिकलेलं दिसत नाही. मग मी बाहेरच्या प्रत्येक तासानंतर वहीत एक पान लिहून घ्यायला लागले: माप, आकृती, काय चुकलं. पालकांना ते पान दाखवायचं. दुसरी अडचण खरंच ऊन. फेब्रुवारी संपला की सकाळची शाळा असेल तरच, आणि नऊच्या आत. टोपी, पाणी, सावली यांच्याशिवाय पाऊल बाहेर नाही. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की शहाणपणा करू नये, वर्गात बसावं. रस्त्यावर न्यायचं तर एकटीने न्यायचं नाही. पुढे एक शिक्षक, मागे एक, आणि मुख्याध्यापकांची परवानगी व पालकांची चिठ्ठी आधी.

तिसरी अडचण कोणी बोलत नाही, मी बोलते. मुलींचे कपडे. स्कर्ट घातलेली मुलगी खाली वाकून दोरी धरत नाही, भिंतीवर चढत नाही, वारा आला की दोन्ही हातांनी स्कर्टच सांभाळते. ज्या वर्षी सातवीच्या मुलींना पंजाबी ड्रेस आला, त्या वर्षी त्या बाहेरच्या तासाला किती मोकळ्या झाल्या ते मी बघितलंय. आणि महिन्याच्या त्या दिवसांत जवळपास स्वच्छ संडास नसेल तर मुलगी बाहेर येणारच नाही, मग धडा कितीही चांगला असो. मुली मागे का पडतात याची उत्तरं आपण फार लांब शोधतो.

आणखी एक गैरसमज. आपल्याला वाटतं गरिबाघरची मुलं हुंदडतातच, काळजी सुखवस्तू घरातल्या मुलांची. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आया विड्या वळायच्या. मुलगी शाळेतून गेली की आईशेजारी बसून पानं कापायची. दिवसभर बाकावर, संध्याकाळी सुपापाशी. आणि तुमच्या-माझ्या घरात शाळा, मग ट्यूशन, मग मोबाइल. बसणं दोन्हीकडे तेच.

परदेशातही याचा विचार चाललाय. डेन्मार्क, नॉर्वेकडे काही शाळा आठवड्यातला एक दिवस किंवा अर्धा दिवस नेहमीचेच विषय बाहेर, रानात, बागेत शिकवतात. तिथे मुलांच्या अंगावर हालचाल मोजणारी छोटी यंत्रं लावून बघितलं, तर वर्गातल्या दिवसापेक्षा बाहेरच्या दिवशी मुलं जास्त हलतात असं दिसलं. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिकेने रोज पंधरा मिनिटं सगळ्या मुलांना शाळेच्याच कपड्यांत मैदानाभोवती चालायला-पळायला सोडलं. ते आता कितीतरी देशांत चालतं. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सुचवलेत, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. लिहिलंय चांगलंच. पण वर्षाच्या दहा दिवसांनी पाय मोकळे होत नाहीत, आणि मैदान असलं तरी त्यावर धडा नेणारं कोणी लागतं.

आता घरच्या गोष्टीकडे येते. आम्ही २००१ च्या दसऱ्याला इथे राहायला आलो. मागच्या बाजूला तेव्हा ज्वारीचं रान होतं. आपल्या लेआउटमधला मोकळा कोपरा तेव्हाही होता, लिंबही होता, माझ्या खांद्याएवढा. या कोपऱ्यात पहिली दहा वर्षं पोरं काय खेळली नाहीत! लगोरी, विटीदांडू, क्रिकेट.

मग २०१२ मध्ये माझ्या खिडकीची काच फुटली. दुसऱ्यांदा. मी तक्रारीचा अर्ज लिहिला, सात जणांच्या सह्या घेतल्या, आणि कमिटीने बोर्ड लावला, 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे'. तो अजून आहे. म्हणजे सकाळी मी दुसऱ्यांची मुलं मैदानावर नेत होते आणि संध्याकाळी स्वतःच्या दारातली मुलं घरात बसवत होते. तेव्हा मला यात काही विसंगत वाटलं नाही. माझी नात गेल्या वर्षी मला म्हणाली, "आज्जी, हा बोर्ड कोणी लावला गं?" मी म्हटलं, कमिटीने.

आता पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय आहे, त्या कोपऱ्यात पेव्हर ब्लॉक टाकून सोळा गाड्यांचं पार्किंग करायचं. गाड्या वाढल्यात, मला मान्य आहे. रात्री उशिरा येणाऱ्यांना गाडी बाहेर रस्त्यावर लावावी लागते, काचा फुटतात, हेही खरं. माझ्या जावयाचीच गाडी बाहेर असते. तोडगा माझ्याकडे तयार नाही. पण मतदानाआधी एकदा तो कोपरा मोजून बघू या, एवढंच माझं म्हणणं आहे. सोळा गाड्या खरंच मावतात का, पुढच्या गेटपाशी किती मावतील, लिंबाच्या मुळांना किती जागा सोडायची, आणि आतल्या रस्त्याची एक फेरी किती मीटर भरते. नातीने आणि मी एकदा मोजली, दोनशे तीस मीटर आली. म्हणजे चार फेऱ्या आणि वर ऐंशी मीटर मिळून एक किलोमीटर. पण आम्ही दोघीच होतो, दोरी सैल असेल.

तर रविवारी सकाळी साडेसहाला लिंबापाशी या. पाचवीच्या पुढची मुलं वही-पेन्सिल घेऊन, लहानांनी खडू आणावेत. मोठ्यांनीही या, विशेषतः ज्यांना पार्किंग हवंय त्यांनी. दोरीचं दुसरं टोक त्यांच्या हातात देणार आहे. मुलींनो, पळता येईल असे कपडे घाला. पाण्याची बाटली ज्याची त्याने सांभाळायची. आणि तो बोर्ड मी त्याच दिवशी काढायला सांगणार आहे, सेक्रेटरीसाहेब, अर्ज लिहून आणलाय. सह्या अजून एकच झालीय, माझी. पेन टेबलावर ठेवते.